जुना सिनेमा मोकळ्या जागेत दाखवताय? या चुका टाळा

कादंबरीवरचा एखादा जुना सिनेमा निवडायचा, पडदा बांधायचा आणि संध्याकाळी लोकांना बोलवायचं, यात अवघड ते काय, असं आम्हालाही वाटलं होतं. पहिल्याच खेळाला पार्श्वसंगीत कान फाटेल एवढं आणि नायिका बोलायला लागली की नुसते ओठ हलताना दिसायचे. आवाज वाढवला तर व्हायोलिन आणखी किंचाळलं, बाई मात्र मुक्याच. वीस मिनिटं आम्ही स्पीकर, वायर, मिक्सर असा एकेकावर संशय घेत बसलो. दोष यातल्या कशाचाच नव्हता.

आमची सिनेमाची प्रत ५.१ आवाजाची, म्हणजे पाच स्पीकर आणि एका वूफरसाठी वेगवेगळे आवाज असलेली होती. अशा आवाजात संवाद प्रामुख्याने मधल्या चॅनेलमध्ये असतात आणि आम्ही डावा-उजवा असे दोनच स्पीकर जोडलेले. मधलं चॅनेल कुठेच पोचत नव्हतं. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘स्टिरिओ’ निवडल्याबरोबर बाई बोलायला लागल्या. प्रतीत मूळ मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, ट्रॅक दिलेला असेल तर तो त्याहून चांगला. जुन्या सिनेमांचा आवाज बहुधा मोनोच असायचा.

आवाजाबद्दल आधी लिहिलं ते मुद्दाम. साहित्यकृतीवरचा सिनेमा बोलण्यावर चालतो. चित्र थोडं फिकं असलं तर लोक चालवून घेतात, पण संवाद कळेनासे झाले की दहाव्या मिनिटाला मोबाइल उघडतात. म्हणून स्पीकर ब्लूटूथने जोडू नका. आवाज किंचित मागे पडतो आणि ओठ-शब्दांची फारकत होते. वायरच लावा. मागच्यांना ऐकू यावं म्हणून शेवटच्या रांगेजवळ वेगळा स्पीकर ठेवायचा मोह होतो, तोही टाळा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पडदा तिथून ३४ मीटर दूर असेल तर तिथला आवाज पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे मागच्यांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर हवेत. सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येत असेल तर लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डवर घेऊन बघा. बरेचदा तेवढ्यानेच भागतं.

पडदा मोठा, चित्र गायब

पडद्याची रुंदी आणि उंची दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो. तीन मीटर रुंद पडद्यावर झकास दिसणारा प्रोजेक्टर सहा मीटरवर मरगळतो. कृष्णधवल सिनेमात कंदिलाच्या उजेडातले प्रसंग असले तर मग काळ्यावर काळं. खोक्यावरचे लुमेन्स (प्रकाशाचं माप) बघताना ते ‘एएनएसआय’ या प्रमाणित पद्धतीने मोजलेले आहेत ना, एवढी खात्री करा. स्वस्त यंत्रांवर छापलेले आकडे वेगळ्याच हिशोबाचे असतात.

सूर्य मावळला म्हणजे अंधार झाला असंही नाही. संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो आणि पडद्यावरचं चित्र फिकं करायला तेवढा पुरतो. सूर्यास्तानंतर निदान पाऊण तास थांबा.

जाड झालेले चेहरे

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे बहुतेक सिनेमे १.३७:१ या आकारातले (रुंदी उंचीच्या १.३७ पट), म्हणजे जवळजवळ चौरस. आजचे प्रोजेक्टर १६:९. बाजूच्या काळ्या पट्ट्या बघून कुणीतरी हमखास म्हणतं, “पडदा भरत नाहीये,” आणि चित्र ताणतं. माणसं ३० टक्के रुंद होतात! झूम केलं तर वरखालचा मिळून जवळजवळ पाव भाग उडतो, त्यात कपाळंही जातात आणि सबटायटल्सही. पट्ट्या राहू द्या, त्या खराबी नव्हेत. तसंच प्रोजेक्टर तिरका ठेवून चित्र ‘कीस्टोन’ सेटिंगने सरळ करू नका, त्यात पिक्सेल वाया जातात. टेबल सरकवा. आणि हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा त्याने मालिकेसारखा दिसायला लागतो.

नाव तेच, सिनेमा दुसरा

गाजलेल्या कादंबरीवर एकच सिनेमा निघत नाही. ‘देवदास’च घ्या. प्रमथेश बरुआंचा १९३५चा, बिमल रॉय यांचा १९५५चा, संजय लीला भन्साळींचा २००२चा. जाहिरातीत नुसतं नाव टाकलं तर अर्धे लोक भलत्याच सिनेमाच्या अपेक्षेने येतात. दिग्दर्शक आणि साल लिहाच. परवानगी मागतानाही तीच आवृत्ती सांगा. कादंबरीचे हक्क आणि सिनेमाचे हक्क ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. कादंबरी हक्कमुक्त झाली म्हणून सिनेमाही हक्कमुक्त होत नाही. डीव्हीडी विकत घेतली किंवा ओटीटीचे पैसे भरले म्हणजे घरी बघायची मुभा मिळाली, चारचौघांत दाखवायची नाही. शिवाय ओटीटीवरून लावायला गेलात तर जुन्या केबलमुळे पडदा काळाच राहण्याची शक्यता असते. त्यात कॉपी-संरक्षण आडवं येतं.

सबटायटल्स

अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर सबटायटल्सची फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) मध्ये सेव्ह करा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठरावीक सेकंद मागे-पुढे असतील तर व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरची जी आणि एच ही बटणं पुरतात. पण सुरुवातीला बरोबर आणि मग हळूहळू संवादांच्या आधी येऊ लागली, तर फाइल सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेमच्या (चौकटींच्या) प्रतीची असणार. तासाभरात जवळपास अडीच मिनिटांचा फरक पडतो. त्यावर बटणं दाबत बसू नका, जुळणारी फाइल मिळवा. पडद्याची खालची कड मात्र पुढच्यांच्या डोक्यांच्या वर हवी, नाहीतर हे सगळं पाण्यात.

वाऱ्याने पडद्याचं शीड होतं, म्हणून पायांशी वाळूच्या पिशव्या ठेवा. लॅपटॉपचं स्लीप आणि नोटिफिकेशन्स बंद ठेवा. आणि आदल्या रात्री, तिथेच, त्याच प्रतीने तालीम करा. सिनेमातला सगळ्यात हळू बोललेला संवाद लावा आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसा.

राहिलं प्रास्ताविक. पाच मिनिटं, आणि शेवट न फोडता. आमच्या एका वक्त्यांनी कादंबरीच्या थोरवीबरोबर नायकाचा मृत्यूही सांगून टाकला होता. “पुस्तकात असं नव्हतं” हा वाद खेळ संपल्यावरच रंगू द्या, तेव्हा तो खरंच रंगतो. त्यासाठी सिनेमात बदललेल्या एखाद्या प्रसंगाचं कादंबरीतलं पान हाताशी ठेवा. वाचणाऱ्याला एक टॉर्चही लागेल.