पीई स्वस्त दिसतोय? आधी छेद तपासा: शेअरचे मूल्यमापन करताना या चुका टाळा

पीई ८ म्हणजे स्वस्त आणि ६० म्हणजे महाग, एवढ्या भांडवलावर शेअर घेणारे पुष्कळ आहेत. पीई म्हणजे साधा भागाकार: वर भाव, खाली एका शेअरमागचा नफा, म्हणजे ईपीएस. भाव बाजारात सगळ्यांसमोर ठरतो, तो चुकीचा दिसण्याचा प्रश्न क्वचितच येतो. गोंधळ असतो तो छेदात. हा नफा कोणत्या काळातला, कोणाच्या वाट्याचा, दरवर्षी होणारा की एकदाच झालेला, हे न बघता स्क्रीनर (शेअर चाळून देणारी साइट) दाखवेल तो आकडा उचलला जातो. खालच्या बहुतेक चुका या छेदातल्याच आहेत.

एकदाच झालेला नफा वजा न करणे

आयटीसीचे २०२४-२५ चे निकाल घ्या. हॉटेल व्यवसाय १ जानेवारी २०२५ पासून वेगळ्या कंपनीत गेला आणि जानेवारी-मार्च तिमाहीत त्यापोटी सुमारे १५ हजार कोटी रुपयांचा नफा हिशेबात आला. विभाजनात व्यवसाय बाजारमूल्याने मोजला जातो आणि पुस्तकी किमतीपेक्षा जे जास्त निघेल ते नफा म्हणून दाखवावे लागते. तिजोरीत त्यातून रोख काही येत नाही. तरी वर्षाचा कन्सॉलिडेटेड (उपकंपन्यांसह एकत्रित) ईपीएस सुमारे २८ रुपये दिसू लागला. चालू व्यवसायांचा ईपीएस होता सुमारे १६. भाव ४२० धरला, तर पहिल्या हिशेबाने पीई १५ येतो, दुसऱ्याने २६. कंपनी तीच, दिवस तोच.

असा नफा मागच्या चार तिमाहींच्या बेरजेत वर्षभर बसून राहतो. तो बाहेर पडला की पुढच्या वर्षी नफा चाळीसेक टक्क्यांनी घसरल्यासारखा दिसतो, आणि त्या वाढीवर आधारलेला पीईजी (पीई भागिले नफावाढीचा दर) निरर्थक होतो.

तपासायचे कसे? तिमाही निकालाच्या तक्त्यात दोन ओळी शोधा. ‘एक्सेप्शनल आयटम्स’ (अपवादात्मक बाबी) ही ओळ करपूर्व असते, त्यामुळे ती वजा करताना तिच्यावरचा करही हिशेबात घ्या. ‘डिस्कंटिन्यूड ऑपरेशन्स’चा, म्हणजे बंद किंवा वेगळ्या केलेल्या व्यवसायांचा, नफा खाली करोत्तर दाखवलेला असतो, तो सरळ वजा करता येतो. जमीन किंवा गुंतवणूक विकून आलेला पैसा मात्र काही कंपन्या ‘इतर उत्पन्ना’त घालतात, म्हणून ती ओळ मागच्या चार-पाच तिमाहींशी ताडून पाहा.

कराची ओळ तर कोणी बघतच नाही. सप्टेंबर २०१९ च्या कपातीनंतर नवीन दर निवडणाऱ्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के कर लागतो. करपूर्व नफा १०० कोटी आणि करोत्तर नफा १३० कोटी असे दिसले, तर बहुधा जुन्या तोट्यांपोटी डिफर्ड टॅक्सची मालमत्ता (पुढे वाचणारा कर) आजच हिशेबात घेतलेली असते. तिथे ईपीएससाठी १३० नव्हे, ७५ कोटी धरा. पीई ११ दिसत असेल, तर तो प्रत्यक्षात १९ आहे.

चढत्या चक्रातला कमी पीई

पोलाद, साखर, तांबे, मूलभूत रसायने, जहाज वाहतूक: इथे पीई उलटा वाचावा लागतो. टाटा स्टीलचा कन्सॉलिडेटेड नफा २०२१-२२ मध्ये ४० हजार कोटी रुपयांच्या वर होता आणि त्या सुमारास शेअर चारच्या आसपास पीईला मिळत होता. पुढच्या वर्षी नफा ८ हजार कोटींच्या घरात आला आणि २०२३-२४ मध्ये जवळपास ४,९०० कोटींचा तोटा झाला. पीई ४ म्हणजे ‘चार वर्षांत पैसे वसूल’ असे समजणाऱ्याने सर्वोत्तम वर्षाचा नफा कायमचा धरला होता. बाजाराने धरला नव्हता, म्हणून तर भाव एवढाच होता. उलट चक्राच्या तळाशी नफा नाममात्र उरतो आणि पीई ५० किंवा थेट ‘उपलब्ध नाही’ असा दिसतो. या उद्योगांत खरेदीचा विचार बहुधा तेव्हाच करायचा असतो.

इथे किमान सात-आठ वर्षांचा, म्हणजे एक पूर्ण चक्र सामावणारा काळ घ्या. प्रत्येक वर्षी टनामागे किती एबिटडा (व्याज, कर आणि घसारा यांपूर्वीचा नफा) सुटला ते काढा, सरासरी घ्या आणि तिला आजच्या उत्पादनक्षमतेने गुणा. जुन्या वर्षांच्या एकूण नफ्याची नुसती सरासरी घेतली, तर मधल्या काळात वाढलेली क्षमता सुटते.

टाटा स्टीलमध्ये आणखी एक सापळा होता. जुलै २०२२ मध्ये १० रुपयांच्या शेअरचे १ रुपयाचे दहा झाले. २०२१-२२ च्या अहवालातला ईपीएस सुमारे ३३२ रुपये, आणि विभाजनानंतरचा भाव १०० च्या आसपास. दोन्ही तसेच भागले की पीई ०.३! अशा विभाजनानंतर (स्प्लिट) किंवा बोनसनंतर (फुकट जादा शेअर) काही दिवस डेटा पुरवणाऱ्या साइटवरही असे आकडे दिसतात. ०.३ पाहून कोणीही थबकेल. पण एकास एक बोनसनंतर ३० चा पीई १५ दिसला, तर शंकाही येत नाही.

नफा कोणाचा, हे न बघणे

उपकंपन्या असतील तर स्टँडअलोन, म्हणजे एकट्या मूळ कंपनीचा, नफा अपुरा. पण कन्सॉलिडेटेड घेतल्यावरही काम संपत नाही. ग्रासिमच्या एकत्रित नफ्यात तिच्या उपकंपनीचा, अल्ट्राटेकचा, सगळा नफा येतो, त्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा मात्र अल्ट्राटेकच्या इतर भागधारकांचा आहे. बाजारमूल्याला एकूण नफ्याने भागले, तर परक्याचा नफा आपल्या खात्यात धरल्यासारखे होते. भागायचे ते ‘मालकांच्या वाट्याच्या’ नफ्याने. जाहीर झालेला ईपीएस याच नफ्यावर काढलेला असतो.

ग्रासिमला ईव्ही/एबिटडा (ईव्ही म्हणजे बाजारमूल्य अधिक निव्वळ कर्ज) लावणे त्याहून चुकीचे. एकत्रित कर्जात आदित्य बिर्ला कॅपिटल या वित्तीय उपकंपनीची कर्जे येतात, आणि वित्तकंपनीसाठी कर्ज हा कच्चा माल असतो. अशा समूहात प्रत्येक व्यवसायाचे मूल्य वेगळे काढून बेरीज करणे हाच मार्ग.

निफ्टीच्या पीईतही हीच भानगड आहे. मार्च २०२१ च्या अखेरीस एनएसईने स्टँडअलोनऐवजी कन्सॉलिडेटेड नफा धरायला सुरुवात केली आणि पीई एका रात्रीत ४० वरून ३३ वर आला. आजच्या पीईची २०२१ आधीच्या सरासरीशी तुलना करणारे आलेख समाजमाध्यमांवर अजून फिरतात. त्यांवरून काढलेला ‘बाजार स्वस्त’ हा निष्कर्ष टिकत नाही.

भाड्याने चालणाऱ्या व्यवसायात ईव्ही/एबिटडा

१ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस ११६ हे लीजचे (दीर्घ भाडेकरारांचे) हिशेब मानक लागू झाले आणि दुकाने, मल्टिप्लेक्स, विमान कंपन्या यांचे दीर्घ मुदतीचे भाडे खर्चातून हलून घसारा आणि व्याजात गेले. समजा विक्री १०० कोटी, भाडे १० कोटी आणि भाडे दिल्यानंतरचा एबिटडा ८ कोटी. नव्या पद्धतीत तो १८ होतो. ईव्ही १६० कोटी असेल, तर गुणोत्तर २० वरून ८.९ वर येते, आणि दुकानाचे भाडे मात्र महिन्याला तेवढेच जाते. एक तर एबिटडातून भाडे वजा करा, नाही तर ईव्हीमध्ये लीजची देणी मिळवा. ती ६० कोटी असतील, तर गुणोत्तर १२.२. अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे घेऊ नका.

बँकेची बुक व्हॅल्यू खरी मानणे

येस बँकेची बुक व्हॅल्यू (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारे पुस्तकी मूल्य) मार्च २०१९ अखेर शेअरमागे सुमारे ११६ रुपये होती. डिसेंबर २०१९ मध्ये भाव ५० च्या आसपास, म्हणजे पीबी (भाव भागिले बुक व्हॅल्यू) निम्म्याहून कमी. त्याच तिमाहीत बँकेला १८,५६४ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे मार्च २०२० मध्ये जाहीर झाले. जुलै २०२० मध्ये बँकेने नवीन शेअर विकले ते १२ रुपयांना. बँकेचे नक्त मूल्य (म्हणजे एकूण बुक व्हॅल्यू) मालमत्तेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, त्यामुळे कर्जांपैकी दहा-बारा टक्के बुडाली आणि तरतूद आधी झालेली नसली, तर ते जवळजवळ संपते.

म्हणून नक्त मूल्यातून नेट एनपीए (तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जे) पूर्ण वजा करा. पुनर्रचित कर्जांचा काही भागही वजा करा आणि मग पीबी काढा. योग्य पीबीचा अंदाज घ्यायचा तर एक सूत्र उपयोगी पडते: आरओईमधून (नक्त मूल्यावरचा परतावा) वाढीचा दर वजा करा आणि त्याला ‘अपेक्षित परतावा वजा वाढ’ याने भागा. आरओई १६, अपेक्षित परतावा १३, दीर्घकालीन वाढ १० टक्के असेल, तर पीबी २ येतो. आरओई ११ असेल, तर ०.३३. म्हणजे कमी आरओईची बँक अर्ध्या बुकलाही महाग असू शकते. हे सूत्र फार हळवे आहे. पहिल्याच उदाहरणात वाढ १० ऐवजी ११ धरली, की उत्तर २.५ होते. त्याचा उपयोग दोन बँकांच्या तुलनेपुरता ठेवा, लक्ष्य भाव काढायला नको.

आयुर्विमा कंपन्यांना पीई आणि पीबी दोन्ही नीट लागू पडत नाहीत. तिथे भावाची तुलना एम्बेडेड व्हॅल्यूशी (नक्त मूल्य अधिक चालू पॉलिसींतून पुढे येणाऱ्या नफ्याचे आजचे मूल्य) करतात आणि जोडीला नव्या व्यवसायाचे मार्जिन पाहतात.

होल्डिंग कंपनीची सूट

होल्डिंग कंपनी म्हणजे मुख्यतः दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगणारी कंपनी, आणि सूट म्हणजे त्या शेअरांच्या मूल्याहून तिचा भाव किती कमी आहे ते. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सकडे एशियन पेंट्सचे जवळपास तीन टक्के शेअर आहेत. वर्षानुवर्षे तिचा भाव तीन-साडेतीन रुपये दिसत असे, कारण त्या भावाला विकणारा कोणीच नव्हता. सेबीच्या निर्देशानुसार झालेल्या विशेष लिलावानंतर २९ ऑक्टोबर २०२४ रोजी भाव २,३६,२५० रुपयांवर गेला. बुक व्हॅल्यू सुमारे ५.८५ लाख, म्हणजे पीबी तरीही ०.४.

‘साठ टक्के सूट मिळतेय’ म्हणून इथे उडी घेतली जाते. पण प्रवर्तक मूळ शेअर विकत नाहीत, विकले तर कर लागेल, आणि अल्प भागधारकाच्या हाती पडतो तो फक्त लाभांश. पुण्याजवळ आकुर्डीची महाराष्ट्र स्कूटर्स हे असेच दुसरे उदाहरण: बजाज समूहातली गुंतवणूक मोठी, उत्पन्न मुख्यतः लाभांशाचे, त्यामुळे पीई काहीच सांगत नाही. अशा शेअरला शंभर टक्के पुस्तकी मूल्याशी ताडू नका. त्याच कंपनीची मागच्या दहा वर्षांतली सूट किती ते किती होती हे काढा, आजची सूट त्यात कुठे बसते ते पाहा. सूट कमी व्हायला विलीनीकरण किंवा डीलिस्टिंगसारखे (शेअर बाजारातून काढून घेणे) काही ठोस कारण समोर दिसत नसेल, तर ती तेवढीच राहील असे धरून हिशेब करा.