टाच दुखतेय? निदान या चुका तरी करू नका

सकाळी गजर होतो, पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ, मग भिंतीला धरत धरत बाथरूमपर्यंत, आणि चहा होईस्तोवर जरा बरं वाटायला लागतं. हे ज्यांचं रोजचं आहे त्यांच्यासाठी लिहितेय, कारण यातल्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलेय.

पहिली म्हणजे एक्स-रे बघून घाबरणं. माझ्या रिपोर्टमध्ये टाचेचं हाड वाढलंय असं आलं आणि मी महिनाभर त्या हाडालाच शिव्या देत बसले. अहो, असं वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत पण दिसतं! दुखत असतो तो टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्यातला जाड पट्टा, डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. रात्री झोपेत तो आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून सकाळीच जास्त कळ येते. हे एकदा कळलं की हाड विरघळवणाऱ्या चूर्णावर पैसे जात नाहीत. आणि युरिक अॅसिड असेल म्हणून परस्पर डाळी बंद करणारे पण भेटतात, काय बोलणार.

दुसरी चूक घरात अनवाणी फिरणं. बाहेर भारीतले बूट आणि घरी दोन-दोन तास ओट्यापुढे कडक फरशीवर उघडे पाय, मग कसं बरं होणार? घरासाठी वेगळी चप्पल ठेवा, टाचेखाली जाड आणि कमानीला आधार देणारी. सपाट पातळ स्लिपर नको, ती काट्यांची अॅक्युप्रेशरवाली तर दुखत असताना अजिबातच नको.

आता रुईचं पान. गरम विटेवर पान ठेवून टाच दाबायची, हे आमच्याकडे प्रत्येक आजी सांगते. शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, नाही असं नाही, पण डायबिटीस असेल आणि तळपाय बधिर असतील तर चटका बसलेला कळत पण नाही आणि जखम चिघळते, त्यात रुईचा चीक कातडीला झोंबतो. त्यापेक्षा पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून तळव्याखाली 5-10 मिनिटं फिरवा (बधिर पायांना हे पण नको).

सगळ्यात मोठी चूक व्यायामाची. म्हणजे चार दिवस करून सोडून देणं. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, बोटं हाताने मागे नडगीकडे ओढायची, तळव्यातला पट्टा तारेसारखा ताणलेला हाताला लागला पाहिजे, 10 सेकंद धरायचं, असं 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. आणि पहिली पाळी पलंगावरच, पाय खाली ठेवायच्या आधी! उठून दहा पावलं चालल्यावर केलं तर कळ येऊन गेलेली असते. सोबत भिंतीला हात लावून पोटरी ताणायची, पोटरी आखडलेली असली की टाचेवरचा ताण वाढतो. फरक पडायला आठवडे नाही, महिने लागतात, पण बहुतेकांचं वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरं होतं.

स्टेप्स 10 हजार झाल्याच पाहिजेत म्हणून दुखत्या टाचेवर चालू नका, पण महिनाभर पडून पण राहू नका. इंजेक्शनने आराम पडतो, म्हणून दर थोड्या दिवसांनी घेत सुटू नका, स्टेरॉइड वारंवार दिलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, कधी पट्टाच तुटतो.

टाचेच्या मागच्या बाजूला दुखत असेल तर तो वेगळा आजार, वरचे उपाय आंधळेपणाने करू नका. मुंग्या, सूज, ताप, रात्री झोपेत पण ठणका, किंवा पळणं वाढवल्यावर टाच दोन्ही बाजूंनी दाबली की जीव जाईल असं दुखणं, यात सरळ ऑर्थोपेडिककडे जा. तरुण वयात दोन्ही टाचा दुखतायत आणि सकाळी कंबर पण आखडलेली असते, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.