वॉटकिन्स ग्लेनला तंबू ठोकताना

न्यूयॉर्क राज्याच्या फिंगर लेक्स भागात, सेनेका तलावाच्या दक्षिण टोकाला वॉटकिन्स ग्लेन हे गाव आहे. गावाच्या मुख्य रस्त्यावर, दुकानांच्या रांगेतच एका घळीचं तोंड उघडतं. ग्लेन क्रीक नावाचा ओढा दोन मैलांत ४०० फूट खाली येतो, दोन्ही बाजूंना २०० फुटांपर्यंतचे कडे आणि वाटेत १९ धबधबे. सगळं स्टेट पार्क मिळून ७७८ एकरांचं. म्हणजे पार्क लहान, घळ त्याहून चिंचोळी आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी अकरा वाजता तिथली गर्दी दादरच्या पुलाची आठवण करून देणारी.

एका दिवसात जाऊन येता येत असताना इथे तंबू ठोकून राहायचं ते एवढ्यासाठी की सकाळी आठच्या आत घळीत शिरता येतं. बाहेरून येणाऱ्या गाड्या साधारण दहापासून लागायला लागतात. म्हणून बुकिंग, निघायची वेळ, रात्रीचं जेवण हे सगळं त्या सकाळच्या आठ वाजल्यापासून उलटं मोजत ठरवा.

जागा मिळवणं

न्यूयॉर्कच्या स्टेट पार्कांचं बुकिंग नऊ महिने आधी उघडतं. चार जुलैला पोचायचं असेल तर आदल्या वर्षीच्या चार ऑक्टोबरला संगणकापुढे बसायला हवं. जुलै-ऑगस्टचे शुक्रवार-शनिवार लवकर संपतात. रविवार ते गुरुवार जागा मिळणं बरंच सोपं. नऊ महिने आधीचं ज्यांना जमत नाही त्यांनी जायच्या आठवड्यात रोज सकाळ-संध्याकाळ बुकिंगची वेबसाइट उघडून पाहावी. हवामानाचा अंदाज बिघडला की रद्द झालेल्या जागा परत दिसू लागतात. न्यूयॉर्कबाहेरच्या रहिवाशांना भाडं थोडं जास्त पडतं.

तारीख पक्की करण्याआधी वॉटकिन्स ग्लेन इंटरनॅशनल या मोटार शर्यतींच्या ट्रॅकचं वेळापत्रक बघाच. १९४८ साली इथली पहिली शर्यत गावच्या रस्त्यांवरून धावली होती; आता ट्रॅक गावाबाहेर काही मैलांवर आहे, पण मोठ्या शर्यतीच्या शनिवार-रविवारी रस्ते, हॉटेलं आणि कॅम्पग्राउंड सगळं भरून जातं. शर्यतीच्या तारखा दर वर्षी सारख्या नसतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका.

कॅम्पग्राउंडचं नाव सिक्स नेशन्स. इरोक्वॉय या इथल्या मूळ रहिवाशांच्या संघातल्या सहा राष्ट्रांची नावं इथल्या वेगवेगळ्या भागांना दिलेली आहेत: मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयूगा, सेनेका, टस्करोरा. नकाशावर जागा निवडताना स्वच्छतागृहाला अगदी लागून असलेली टाळा. रात्रभर दिवा डोळ्यांवर येतो आणि पावलं वाजत राहतात. शंभर-दीडशे पावलांवरची उत्तम. जागेच्या माहितीत उतार कसा आहे ते वाचा आणि तिथे काढलेले फोटो मिळाले तर पाहा. खोलगट जागा फोटोत सावलीची, छान दिसते. पावसात तिचं तळं होतं. काही साइटवर वीज आहे, पाण्याचा नळ मात्र सामायिक. पाच गॅलनची तोटीवाली कॅन न्या, नाहीतर प्रत्येक भांड्यासाठी नळापर्यंत फेरी होते. एका साइटवर साधारण सहा माणसांची मर्यादा असते, दोन कुटुंबांनी शेजारशेजारच्या दोन जागा एकाच वेळी घ्याव्यात.

भारतातून आई-बाबा आलेले असतील आणि जमिनीवर झोपणं त्यांना झेपणार नसेल तर केबिन बघा. आत साध्या खाटा असतात. अंथरूण-पांघरूण आपलंच न्यायचं आणि अंघोळीला सार्वजनिक स्वच्छतागृहातच जायचं.

निघायची वेळ

न्यू जर्सीतल्या एडिसन-इझेलिनहून हे अंतर साधारण सव्वाचार ते साडेचार तासांचं: रूट ८०, मग ३८०, ८१ वरून बिंगहॅम्टन, तिथून ८६ ने पश्चिमेला हॉर्सहेड्स आणि शेवटी रूट १४ ने उत्तरेला. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. शुक्रवारी चारला ऑफिसातून निघालं की डेलावेअर वॉटर गॅपपाशी गर्दीत अडकायचं, नऊ-साडेनऊला पोचायचं, हेडलाइटच्या उजेडात तंबू उभा करायचा, उपाशी पोरांना चिप्स द्यायचे आणि सकाळी दहाला उठायचं. मग घळ तुम्हालाही गर्दीतच दिसते. जागा दुपारी तीनपासून ताब्यात मिळते. अकराच्या आत घर सोडा, त्यासाठी त्या दिवसाची रजा टाका.

किराणा एडिसनलाच भरून घ्या. गावात वॉलमार्ट आहे, त्यामुळे दूध, बर्फ, कांदे-बटाटे आणि विसरलेला टॉर्च मिळून जातो. कढीपत्ता आणि जाडे पोहे मिळणार नाहीत.

तंबू

खोक्यावर "सहा माणसांचा" लिहिलेला तंबू म्हणजे चार माणसं आणि त्यांच्या पिशव्या. आधी जमिनीवर आडवं पडून उतार कुठे आहे ते बघा; डोकं चढाकडे यायला हवं. खडे-काटक्या झाडून खाली ताडपत्री अंथरा, पण ती तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच लहान असू द्या. बाहेर डोकावणारी ताडपत्री पावसाचं पाणी गोळा करते आणि थेट तुमच्या पाठीखाली नेते. तंबू गळतो अशी ज्यांची तक्रार असते त्यातल्या बऱ्याच जणांचा घोळ हाच निघतो.

तंबूसोबत येणाऱ्या पातळ खुंट्या कडक, दगडी जमिनीत वाकतात. पोलादी खुंट्या आठ-दहा आणि एक रबरी हातोडी वेगळी घ्या. खुंटी तंबूच्या विरुद्ध दिशेला झुकवून ठोकायची. आकाश निरभ्र असलं तरी वरचं पावसाचं कापड चढवा आणि तणावे ताणून बांधा; या भागात उन्हाळ्यात वादळी सरी चटकन येतात. खिडक्या वरून दोन-तीन इंच उघड्या ठेवा, नाहीतर श्वासातली वाफ आतून थेंब होऊन टपकते आणि पुन्हा तंबू बदनाम.

जुलैतही रात्री तापमान १५ अंशांच्या आसपास येतं, मे किंवा ऑक्टोबरात पाचच्याही खाली. हवेच्या गादीत भरलेली हवा जमिनीसारखीच गार पडते आणि पाठीतून थंडी शिरते. गादीवर एक जाड चादर किंवा फोम अंथरा. पांघरुणं वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

चूल, कुकर आणि रकून

दोन बर्नरचा प्रोपेनचा स्टोव्ह पुरतो. १६.४ औंसांचा हिरवा सिलिंडर एका बर्नरच्या मोठ्या आचेवर सुमारे दोन तास चालतो, दोन्ही बर्नर पेटवले तर तासभर. चार माणसांचे दोन दिवस चहा, पोहे आणि एक वेळची खिचडी धरली तर दोन सिलिंडर आणि वर एक जास्तीचा. वारा असला की आच भांड्याला लागतच नाही आणि गॅस दीडपट जातो, म्हणून स्टोव्हच्या बाजूच्या पत्र्याच्या झडपा उघडा. पाऊस आला तरी स्टोव्ह तंबूत किंवा तंबूच्या पडवीत न्यायचा नाही. आगीपेक्षाही मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला वास नसतो.

तीन लिटरच्या कुकरात एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, मध्यम आचेवर तीन शिट्ट्या. डाळ-तांदूळ, हळद, मीठ, गोडा मसाला एकाच पिशवीत घरूनच मोजून भरून ठेवा. रात्री दहा ते सकाळी सात शांततेची वेळ असते आणि कुकरच्या शिट्टीशी शेजाऱ्यांची ओळख नसते, तेव्हा खिचडी साडेआठपर्यंत उतरलेली बरी. दुसऱ्या दिवशी डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्याला ना बर्फ लागतो ना गॅस. थंड पेटीत खाण्याच्या दुप्पट बर्फ हवा. पाण्याच्या बाटल्या घरी गोठवून न्या: सुट्या बर्फापेक्षा जास्त टिकतात आणि वितळल्या की प्यायला होतात.

जेवण झालं की सगळं खाणं, कचरा, टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद करा. रात्री खाणं शोधत फिरणारे रकून नावाचे प्राणी चेन उघडतात, थंड पेटीचं झाकण उचलतात आणि फोडणीचा वास त्यांना आपल्याइतकाच आवडतो. टेबलावर पेटी ठेवून वर दगड ठेवण्याचा उपाय त्यांच्यापुढे चालत नाही.

शेकोटीसाठी घरची लाकडं आणू नका. प्रक्रिया न केलेलं जळाऊ लाकूड उगमापासून ५० मैलांपलीकडे नेणं न्यूयॉर्कमध्ये बेकायदा आहे. अ‍ॅश वृक्ष मारणारा पाचूच्या रंगाचा भुंगा अशाच मोळ्यांतून पसरला. पार्कजवळ रस्त्याकडेला मोळ्या विकायला असतात. संध्याकाळच्या दोन-अडीच तासांना दोन मोळ्या धरा. झोपण्याआधी पाणी ओता, काठीने राख ढवळा, पुन्हा ओता आणि हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब लागत नाही ना ते बघा. वरून काळी पडलेली राख आत तासन्‌तास धगधगत राहते.

घळ

गॉर्ज ट्रेल ही घळीतून जाणारी वाट साधारण दीड मैलाची, ८३२ दगडी पायऱ्यांची. खालून, म्हणजे गावातल्या मुख्य प्रवेशापासून वर चढत जा. धबधबे समोरून दिसतात आणि ओल्या पायऱ्या उतरण्यापेक्षा चढणं गुडघ्यांना सोसतं. कॅम्पग्राउंडजवळच्या दक्षिण प्रवेशातून गेलात तर वाटेच्या अधेमधे उतराल आणि अर्धी घळ उलटी बघाल. त्यापेक्षा गाडीने गावात जा, सकाळी तिथे जागा मिळते.

सुरुवातीलाच बोगदा आणि सेंट्री ब्रिज, मग कॅव्हर्न कॅस्केड. इथे वाट पडत्या पाण्याच्या मागून जाते, कॅमेरा पिशवीत टाका. पुढे झुलता पूल डोक्यावर ८५ फुटांवर दिसतो. सेंट्रल कॅस्केड सर्वांत उंच, ६० फूट. रेनबो फॉल्स पातळ, पण सगळ्यांच्या फोटोंत असतो तो हाच. ऊन तिरपं आलं की इंद्रधनुष्य पडतं, म्हणून उत्साही लोक दुपारी एक फेरी पुन्हा मारतात. मग माइल पॉइंट ब्रिज आणि शेवटी जेकब्ज लॅडर, सलग १८० पायऱ्या. फोटो काढत दीड-दोन तास. परतताना उत्तरेच्या काठावरून, रानातून जाणारी वाट धरा. घळीतल्या गर्दीविरुद्ध चालावं लागत नाही.

इथले थर शेल, वालुकाश्म आणि चुनखडकाचे. मऊ थर लवकर झिजतो, कठीण मागे राहतो, त्यातून हे टप्पे आणि रांजणखळगे झाले. कड्यांतून बारा महिने पाणी झिरपतं, त्यामुळे आठवडाभर पाऊस नसला तरी वाट ओलीच. चपला, फ्लोटर आणि गुळगुळीत तळाचे जुने बूट नकोत. रबराची खोल नक्षी हवी. बाबागाडी चालतच नाही, बाळाला पाठीवरच्या झोळीत घ्या. गॉर्ज ट्रेलवर कुत्र्यांना बंदी आहे. आणि पाण्यात उतरायचं नाही, कितीही उथळ दिसलं तरी. जुलै १९३५ च्या पुराने इथल्या जुन्या वाटा धुऊन नेल्या, त्यानंतर आजच्या दगडी पायऱ्या आणि पूल बांधले गेले. जोराचा पाऊस झाला की वाट बंद करतात. हिवाळ्यातही, साधारण नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत, ती बंदच असते. कॅम्पग्राउंड मेच्या सुरुवातीला उघडलं तरी घळ उघडली असेलच असं नाही, हे बुकिंग करतानाच तपासा. पाणी भरपूर हवं तर मेअखेर ते जून. ऑगस्टअखेर बरेच धबधबे बारीक होतात.

गुडघे दुखणाऱ्यांना सगळं चढायला लावू नका. कॅव्हर्न कॅस्केडपर्यंत जाऊन मागे फिरलं तरी चांगला भाग पदरात पडतो. शिवाय तीनेक मैलांवर माँटूर फॉल्स गावात १५६ फुटांचा शीक्वागा धबधबा रस्त्याच्या टोकाशीच कोसळतो, गाडीतून न उतरता दिसतो. पोरांना पाण्यात खेळायचंच असेल तर इथाकाजवळच्या रॉबर्ट एच. ट्रीमन पार्कात धबधब्याखाली, जीवरक्षक हजर असताना, उन्हाळ्यात पोहता येतं. टॉगॅनॉक फॉल्स, २१५ फूट, नायगाऱ्याहून ३३ फूट उंच, त्याच वाटेवर जोडता येतो.

गवतातून चालून आल्यावर गोचिडी तपासा: घोटे, गुडघ्यामागे, काखा, केसांची मुळं. लाइम रोग पसरवणारी गोचीड तिळाएवढी असते. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी असले प्रयोग नकोत. चोवीस तासांच्या आत निघाली तर रोगाची शक्यता फार कमी.

निघायच्या दिवशी अकराच्या आत जागा सोडायची असते. दवाने तंबू ओला असणारच. तसाच कोंबून आणला तरी घरी पोचल्याच्या रात्रीच गॅरेजमध्ये पसरा, दुसऱ्या आठवड्यात उघडलात तर बुरशीचे काळे ठिपके पडलेले असतात आणि ते जात नाहीत. उरलेली लाकडं गाडीत घालू नका, शेजारच्या साइटवर देऊन टाका.