नोकिया एन-70 पुन्हा वापरायला काढताय? या चुका टाळा

जुना एन-70 विकायला काढलेला माणूस गिऱ्हाइकाला हमखास झूम दाखवतो. समोरच्या दुकानाच्या पाटीवर कॅमेरा रोखायचा, बटण दाबून धरायचं आणि म्हणायचं, ‘20 पट झूम हाय दादा, बघा की!’ हाय, खरं तो डिजिटल हाय. आतली लेन्स जागची हलत नाही. फोन फक्त मधला तुकडा कापतो आणि ताणून मोठा करतो. या कॅमेऱ्याचा पूर्ण फोटो 1600 × 1200 ठिपक्यांचा, म्हणजे 2 मेगापिक्सेलचा. दुप्पट झूम केलं की त्यातले 800 × 600 ठिपकेच खरे उरतात, चौथा हिस्सा. कोल्हापूरच्या खासबागेत वरच्या पायरीवर बसून आखाड्यातला पैलवान जवळ आणायला जाल तर हाती मातीच्या रंगाचा धब्बा येईल. झूमला हातच लावू नका. चार पावलं पुढं जाणं जमत नसेल तर आहे तसा फोटो काढा आणि घरी आल्यावर कापा. फरक एवढाच, की कापायचं कुठून ते तेव्हा निवांत ठरवता येतं.

फोन 2005 सालचा आहे. त्या काळात 2 मेगापिक्सेल म्हणजे मिरवायची गोष्ट होती आणि आजही तो आकडा वाटतो तितका लाजिरवाणा नाही. इंचाला 300 ठिपके धरले तरी त्यातून सव्वापाच बाय चार इंचांचा स्वच्छ प्रिंट निघतो. शाहूपुरीतल्या स्टुडिओत 4 बाय 6 चा प्रिंट मागितला तर कुणी नाक मुरडणार नाही. पण त्यासाठी सेटिंगमध्ये सगळ्यात मोठा आकार आणि ‘हाय’ क्वालिटी निवडलेली हवी. जागा वाचवायला आधीच्या मालकानं 640 × 480 करून ठेवलेलं असतं, आणि नवा मालक कॅमेऱ्याला शिव्या घालत बसतो.

मिसळीचा फोटो धूसर का येतो

या कॅमेऱ्यात ऑटोफोकस नाही. त्याच साली आलेल्या सोनी एरिक्सनच्या के750आयमध्ये तो होता, इथं नाही. लेन्स कायमची एका जागी बसवलेली, त्यामुळं काही फुटांपासून पार क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं आणि नाकासमोरचं काहीच दिसत नाही. मिसळीची ताटली, लाइट बिल, लग्नपत्रिकेवरची बारीक अक्षरं हे या फोनचं काम नव्हे. फोन ताटलीला टेकवून ‘आता तरी येईल’ म्हणत दहा फोटो काढले तरी दहाही धूसर येणार. हात लांब करून थोडं मागून काढा आणि नंतर कापा.

हीच गोष्ट उलट बाजूनं बघितली तर या फोनचं बळ आहे. फोकस शोधायला वेळ जात नाही. पळतं पोर, बैलगाडी, पंचगंगेच्या घाटावरून पाण्यात उडी टाकणारा कोण, उजेड भरपूर असेल तर सगळं सापडतं. मात्र बटण दाबल्या दाबल्या हात खाली घेऊ नका. दाबणं आणि प्रत्यक्ष फोटो टिपला जाणं यात क्षणभराचं अंतर असतं आणि बहुतेक हललेले फोटो त्या क्षणातले असतात. पडद्यावर फोटो दिसेपर्यंत कोपरं पोटाला टेकवून उभं राहायचं.

उजेड आपल्या पाठीशी

रंकाळ्यावर संध्याकाळी एक फोटो घरटी एकदा निघतोच: मागं बुडता सूर्य, पुढं घरची मंडळी. आजचे फोन दोन-चार फोटो एकत्र करून चेहरेही उजळवतात आणि आकाशही सांभाळतात. एन-70 ला ते येत नाही. एकतर मंडळी काळीठिक्कर होणार, नाहीतर आकाश पांढरंफटक. दोन्हीतलं एक निवडा. माणसं हवी असतील तर सूर्य तुमच्या पाठीमागं घ्या आणि शालिनी पॅलेसच्या बाजूचा देखावा विसरा. सूर्यास्तच हवा असेल तर माणसांच्या काळ्या आकृत्याच घ्या, त्याही झकास दिसतात. माझं मत विचाराल तर या फोनची खरी वेळ सकाळी आठ ते दहा. तेव्हाचे रंग थोडे फिके येतात, पण खरे येतात; आजच्या फोनसारखी गुळगुळीत कातडी आणि भडक निळं आकाश त्यात नसतं.

रात्रीचं सोडाच. फ्लॅश एलईडीचा आहे, त्याचा उजेड चार-पाच फुटांपलीकडं फारसा पोचत नाही. महाद्वार रोडवर विसर्जन मिरवणुकीत फ्लॅश मारला तर पुढच्या माणसाचं टक्कल उजळतं, मूर्ती अंधारातच राहते. तिथं फ्लॅश बंद करा, नाइट मोड लावा, फोन कठड्यावर टेकवा आणि सेल्फ टायमर वापरा, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही. फोटो दाणेदार येणारच. रोषणाई तरी ओळखू येईल.

गुलाल आणि सरकतं झाकण

मागचं सरकतं झाकण हा या फोनचा मोठा गुण. लेन्स खिशातल्या किल्ल्यांपासून वाचते आणि झाकण उघडलं की कॅमेरा आपोआप सुरू होतो. दोष असा की झाकणाच्या खाचेत धूळ साठते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत ‘चांगभलं’च्या गजरात एकदा गुलाल त्या खाचेत गेला की प्रत्येक वेळी झाकण सरकवताना तो काचेवर घासला जातो. आधी फुंकणीनं किंवा कोरड्या मऊ ब्रशनं खाच साफ करा, मगच काच पुसा. थिनर, पेट्रोल, अत्तर यातलं काहीही लावू नका. सगळेच फोटो धुक्यातले वाटत असतील तर बिघाड शोधण्याआधी काचेवर ओरखडे आहेत का ते उजेडात तिरपं धरून बघा. कित्येकदा सेन्सर धडधाकट असतो, काचच गेलेली असते.

कॅमेरा उघडायला वेळ लागतो, मध्येच ‘मेमरी फुल’ येतं, ही तक्रारही नेहमीची. मेनूचं बटण दाबून धरा. मागं चालू असलेले प्रोग्रॅम दिसतील. एकेकावर जाऊन ‘सी’ दाबून बंद करा. झगमगीत थीमही काढून टाका.

फोटो फोनच्या मेमरीत साठवू नका. ती 20 एमबीच्या आसपास आहे आणि तिथं मेसेजही बसतात. कार्ड लागतं ते आरएस-एमएमसी, म्हणजे आखूड आकाराचं जुनं मेमरी कार्ड, तेही ड्युअल व्होल्टेजचं, म्हणजे 1.8 आणि 3 अशा दोन्ही व्होल्टवर चालणारं. नुसतं ‘आरएस-एमएमसी’ म्हणून कुणी जुनं 3 व्होल्टचं गळ्यात मारलं तर फोन ते ओळखणार नाही. मायक्रो एसडी तर बसतच नाही. कार्ड काढताना पॉवरचं बटण हलकेच दाबून यादीतून ‘रिमूव्ह मेमरी कार्ड’ निवडा, मग ओढा. लिहिणं चालू असताना उपसलेलं कार्ड बिघडतं आणि त्यावरचे फोटोही जातात.

बॅटरी बीएल-5सी, बाजारात ढिगानं मिळते आणि म्हणूनच नकलीही ढिगानं. मूळ बॅटरीची क्षमता 970 एमएएचच्या आसपास. त्याच मापात 2000 लिहिलेलं दिसलं तर तो आकडा खोटा समजा आणि ती घेऊ नका. जुनी बॅटरी सपाट टेबलावर ठेवून भोवऱ्यासारखी फिरवा. गरगर फिरली तर पोट फुगलंय, तिला चार्जिंगला लावू नका. डिसेंबर 2005 ते नोव्हेंबर 2006 या काळात मात्सुशिता या जपानी कंपनीनं बनवलेल्या 4 कोटी 60 लाख बीएल-5सी बॅटऱ्यांबद्दल नोकियानं 2007 मध्ये स्वतःच इशारा दिला होता, कारण चार्जिंगवेळी त्या तापण्याचा धोका होता. तेव्हा कपाटात सापडलेली ‘ओरिजिनल’ आहे म्हणून हुरळून जाऊ नका.

सिम जिओचं घालू नका, त्याला 4जी लागतं. फोटो दुसरीकडं न्यायचे तर अँड्रॉइडवर ब्लूटूथनं सरळ जातात, आयफोन ते घेत नाही. फोटो शेकड्यानं असतील तर कार्डाला लांबी वाढवणारी पट्टी जोडून कार्ड रीडरमध्ये घाला. आणि बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली असेल तर पहिला फोटो काढण्याआधी तारीख बघा, नाहीतर यंदाची जत्रा भलत्याच सालात जाऊन बसेल.