परदेशातल्या रेसिडेन्सीचं अवॉर्ड: बडोद्यातून अर्ज कसा करायचा

फाइन आर्ट्सचं शेवटचं वर्ष संपत आलं की बडोद्यातल्या मराठी घरांत एक संवाद हमखास होतो. पोरगं सांगतं की एक अवॉर्ड आहे, त्यात तीन महिने स्वित्झर्लंडला राहून काम करायला मिळतं, घरचे विचारतात डिग्री मिळणार का, तर नाही, नोकरी आहे का, तर तीही नाही, मग तिथे जाऊन करणार काय? घरच्यांचा हा प्रश्न अगदी बरोबर आहे. अर्जांतून निवड करणारी ज्युरीसुद्धा शेवटी हेच विचारते, फक्त जरा भारी शब्दांत, म्हणून ज्याला आजीला नीट सांगता येतं त्याला अर्जही नीट लिहिता येतो असं माझं पक्कं मत आहे.

रेसिडेन्सी म्हणजे राहायला खोली, कामाला स्टुडिओ, खर्च भागेल इतका स्टायपेंड, आणि मुख्य म्हणजे मोकळा वेळ. परीक्षा नसते. बहुतेक ठिकाणी शेवटी ओपन स्टुडिओ ठेवतात, म्हणजे लोक येऊन तुमचं काम बघतात, ते अर्धवट असलं तरी चालतं, आणि शेजारच्या स्टुडिओत दुसऱ्याच देशातला कोणीतरी काम करत असतो, त्याच्याशी रोज बोलणं होतं, हा फायदा कुठल्या पत्रकात लिहिलेला नसतो पण आयुष्यभर पुरतो.

आणि बाहेर जाऊन शिकून येणं बडोद्याला काही नवं नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या स्कॉलरशिपवर. आपली एम. एस. युनिव्हर्सिटीची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० ची, पेंटिंगचे पहिले हेड ना. श्री. बेंद्रे, म्हणजे इंदूरचा मराठी माणूस. पुढे याच फॅकल्टीतले के. जी. सुब्रमण्यन लंडनला स्लेड आर्ट स्कूलमध्ये जाऊन आले, गुलाममोहम्मद शेख तिथल्याच रॉयल कॉलेज ऑफ आर्टला, ज्योतीभाई भट्ट आधी इटलीत नेपल्सला आणि मग न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटला. ज्योतीभाईंनी तिथे इंटॅग्लिओ प्रिंटमेकिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर कोरून त्या खाचांत शाई भरून छाप घेणं, मनापासून केलं आणि परत येऊन इथे रुजवलं, आज फॅकल्टीच्या प्रेसवर जी पोरं प्लेट चढवतात त्यांच्यापर्यंत तो धागा येतो. इथे जे मिळत नव्हतं ते शोधायला ही माणसं गेली होती. तुमच्या अर्जातही हेच दिसलं पाहिजे, की इथे काय अडलंय आणि ते तिथेच का सुटेल.

१. कुठे अर्ज करायचा ते आधी ठरवा

दिसेल त्या ओपन कॉलला, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीला, अर्ज टाकत सुटू नका. आपल्याकडच्या तरुण आर्टिस्टसाठीची काही नावं माहीत असू द्या. दिल्लीचं फाउंडेशन फॉर इंडियन कंटेम्पररी आर्ट, ज्याला सगळे फिका म्हणतात, त्यांचं एमर्जिंग आर्टिस्ट अवॉर्ड आहे, त्यात प्रो हेल्वेशिया या स्विस आर्ट्स कौन्सिलच्या मदतीने स्वित्झर्लंडची ९० दिवसांची रेसिडेन्सी दिली गेलीये. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनची फाइन आर्ट्स अवॉर्ड्स आहेत. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट ब्रिटनमध्ये काम करायला मदत करतो. स्कॉटलंडमध्ये डफटाउनला ग्लेनफिडिकची डिस्टिलरी आहे, तिथे २००२ पासून वेगवेगळ्या देशांतले आर्टिस्ट राहून काम करतात. याशिवाय जगभरच्या रेसिडेन्सी शोधायच्या तर रेस आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्स या दोन वेबसाइट रोज जेवणानंतर अर्धा तास चाळा.

वयाची अट, डिग्रीनंतर किती वर्षं चालतात, यंदा कॉल आहे का, हे सगळं दरवर्षी बदलू शकतं, म्हणून सीनियरने सांगितलं त्यावर जाऊ नका, चालू वर्षाचं पत्रक स्वतः वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत.

पैशाचं मी जरा ठासून सांगते. अवॉर्ड म्हणजे त्यांनी तुम्हाला द्यायचं. "अभिनंदन, तुमची निवड झाली, आता आठवड्याचे इतके युरो भरा" असं ईमेल आलं तर ते अवॉर्ड नाही, ती भाड्याची खोली आहे. काही पैसे घेणाऱ्या रेसिडेन्सी चांगल्या असतात, नाही असं नाही, पण आईबाबांच्या एफडी मोडून जायची ही गोष्ट नव्हे. विमानाचं तिकीट, राहणं, स्टायपेंड, मटेरियल, इन्शुरन्स, व्हिसा फी, या सहातलं कोण काय भरणार ते ईमेलवर लेखी विचारा. विचारलं म्हणून कोणी नाव कापत नाही.

२. कामाचे फोटो

ज्युरी तुमचं कॅनव्हास बघत नाही, लॅपटॉपवर फोटो बघते, आणि एकेका अर्जाला सुरुवातीला दोन-चार मिनिटं मिळतात. त्यामुळे खराब फोटो म्हणजे खराब काम, इतकं ते सरळ आहे.

कडक उन्हात काढू नका. सकाळी गच्चीवर भिंतीच्या सावलीत काम उभं करा, आकाशाचा पसरलेला उजेड सगळीकडून सारखा पडतो. ट्रायपॉड घ्या, लेन्स कामाच्या बरोबर मध्याच्या उंचीवर, कॅमेरा आणि काम एकमेकांना समांतर, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. फोनने काढत असाल तर मागे सरकून थोडा झूम घ्या, अगदी जवळून काढलं की कडा फुगतात. काचेची फ्रेम असेल तर काम बाहेर काढा. ऑइल चमकत असेल तर दोन्ही बाजूंनी ४५ अंशातून सारखा लाइट द्या. प्रिंट असेल तर कागदाची कोरी मार्जिन कापू नका, प्रिंटमेकर ज्युरीत असला तर त्याला तीच बघायची असते. एखादा फोटो भिंतीवर टांगलेल्या कामाचा ठेवा, शेजारी माणूस किंवा खुर्ची असली की आकार कळतो.

मागितले असतील १० फोटो तर १० च, आणि त्यातही गेल्या दोन-तीन वर्षांचंच काम. फर्स्ट इयरचं स्टिल लाइफ कितीही आवडतं असलं तरी बाहेर. प्रत्येक फाइलचं नाव आडनाव, नंबर, कामाचं नाव असं द्या, आणि कॅप्शनमध्ये नाव, वर्ष, माध्यम, साइज. व्हिडिओ असेल तर लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा, पासवर्ड टाकायचा असेल तर तो अर्जात लिहिलाय ना ते बघा.

३. स्टेटमेंट आणि प्रपोजल

खरी मेहनत इथे आहे, म्हणून इथे निवांत बसू.

स्टेटमेंट म्हणजे तुम्ही काय करता, कशाने करता, का करता. आधी मराठीत बोला. खरंच, फोनचा रेकॉर्डर लावा आणि दांडिया बाजारच्या मावशीला सांगतोय असं समजून पाच मिनिटं बोला, मग ते लिहून काढा, मग इंग्रजी. मराठी किंवा गुजराती मीडियममधून आलेली पोरं इंग्रजीला घाबरून पुस्तकातले जड शब्द उचलतात आणि सगळ्यांचं स्टेटमेंट एकसारखं होऊन बसतं. साधी, बरोबर वाक्यं पुरतात. "मी लाकडावर कोरते, शाईत पुराचा गाळ मिसळते" हे वाक्य कुठल्याही ज्युरीला थांबवतं.

प्रपोजल म्हणजे तिथे जाऊन काय करणार. समजा एक मुलगी आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी बडोदा शहरात शिरली तेव्हा तिच्या घराच्या तळमजल्यावर पाणी होतं, ओसरल्यावर भिंतीवर जी गाळाची रेघ राहिली त्या रेघांवरून ती वुडकट, म्हणजे लाकडाच्या ब्लॉकवर कोरून घेतलेले छाप, करतेय. आता तिने स्वित्झर्लंडसाठी लिहिलं की "तिथल्या निसर्गरम्य वातावरणातून प्रेरणा घेऊन नवीन चित्रमालिका करीन", तर हे वाक्य मनालीलाही चालेल आणि महाबळेश्वरलाही, ज्युरी पुढच्या अर्जाकडे जाणार. तिने असं लिहिलं तर बघा: बाझल शहरातून ऱ्हाइन नदी वाहते आणि उन्हाळ्यात ऑफिस सुटल्यावर लोक कपडे वॉटरप्रूफ बॅगेत भरून त्या पाण्यात पोहतात, माझ्या शहरातल्या नदीत मगरी आहेत आणि गटारं आहेत, आम्ही तिला फक्त पुलावरून बघतो, म्हणजे नदीला हात लावणारं शहर आणि नदीला पाठ करून बसलेलं शहर अशा दोन शहरांच्या पाण्याच्या खुणा मला एकाच कागदावर आणायच्यात. शिवाय बाझलला जुनी पेपर मिल म्युझियम म्हणून चालू आहे, तिथे हाताने कागद बनवतात, मला माझ्या प्रिंटसाठी तो कागद बनवून बघायचाय.

काम तेच आहे. पण आता ते बाझललाच का, याचं उत्तर आलं. त्यासाठी तिला संध्याकाळभर बसून त्या गावाबद्दल वाचावं लागलं असेल, तेवढं तर करायलाच पाहिजे. आणि काम मात्र बडोद्याचंच राहिलं हेही बघा, कारण परदेशी जायचं म्हणून अचानक बर्फाची आणि एकटेपणाची चित्रं काढायचं ठरवलं तर मागच्या १० फोटोंशी त्याचा काही मेळ बसत नाही आणि ते लगेच कळतं.

प्रपोजलमध्ये महिन्यांचा साधा हिशेब द्या, पहिला महिना फिरणं, स्केचेस, लोकांशी बोलणं, दुसरा महिना ब्लॉक कोरणं, तिसऱ्यात प्रिंट आणि ओपन स्टुडिओ. तुम्हाला प्रेस लागेल, भट्टी लागेल, अंधारी खोली लागेल, जे लागेल ते तिथे आहे का हे आधी विचारा आणि नसेल तर त्याशिवाय कसं कराल तेही लिहा.

४. बाकीचे कागद

सीव्ही दोन पानांचा बस. शिफारसपत्रासाठी सरांकडे किंवा मॅडमकडे निदान तीन आठवडे आधी जा, ॲन्युअल डिस्प्लेच्या, म्हणजे फॅकल्टीच्या वार्षिक प्रदर्शनाच्या, गडबडीत तर मुळीच जाऊ नका, आणि जाताना स्टेटमेंट, प्रपोजल आणि शेवटची तारीख लिहून द्या म्हणजे त्यांना तुमच्याबद्दल नेमकं लिहिता येतं. मोठ्या नावाच्या माणसापेक्षा तुमचं काम जवळून बघितलेल्या माणसाचं पत्र चांगलं.

शेवटची तारीख कुठल्या देशाच्या घड्याळाची ते बघा. स्विस वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. पण त्या जादा तासांवर भिस्त ठेवू नका, दोन दिवस आधी अपलोड करून मोकळे व्हा, शेवटच्या रात्री सगळ्यांचंच सर्व्हर अडकतं.

५. इंटरव्ह्यू

शॉर्टलिस्ट झालात तर बहुधा व्हिडिओ कॉल असतो. आधीचं उत्तर पाठ म्हणू नका. मागे भिंतीवर किंवा टेबलावर खरं काम ठेवा, ब्लॉक हातात घेऊन दाखवा. "हे आत्ताच का करायचंय?" आणि "ठरवल्याप्रमाणे नाही झालं तर काय कराल?" या दोन प्रश्नांवर मित्राबरोबर तयारी करा. प्रश्न कळला नाही तर परत विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

६. निवड झाली, आता व्हिसा

पासपोर्ट अर्ज करायच्या आधीच काढून ठेवा. शेंगेन देशांसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांसाठी, ज्यात स्वित्झर्लंडही येतं, तो दहा वर्षांच्या आतला, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला पाहिजे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत म्हणून निमंत्रणपत्र हातात पडलं की लगेच लागा. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा.

एक गोष्ट फार कमी लोक मोजतात. शेंगेनच्या शॉर्ट स्टे व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवस धरून. रेसिडेन्सी "तीन महिने" असली आणि तुम्ही १ जुलै ते ३० सप्टेंबर धरलं तर ते ९२ दिवस होतात! म्हणजे जादा मुक्काम, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाला त्याची अडचण. ९० दिवसांची पूर्ण रेसिडेन्सी असेल तर नंतर पॅरिसला जाऊन लूव्र बघू हा बेतही बसत नाही, फिरायचं ते त्या ९० दिवसांतच. तारखा आयोजकांशी बोलून कॅलेंडरवर बोटं ठेवून मोजा.

७. बॅग

टर्पेंटाइन, थिनर, एचिंगचं ॲसिड विमानात नेता येत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये, हे तिथेच घ्यायचं. कोरायची हत्यारं, ब्लेड, ब्युरिन (धातू कोरायचं टोकदार हत्यार) चेक-इनमध्ये, नीट गुंडाळून. ॲक्रिलिक नेत असाल तर कंपनीची सेफ्टी डेटा शीट प्रिंट करून बरोबर ठेवा, चेकिंगवाल्याला दाखवता येते. मोठे ब्लॉक इथून नेऊ नका, वजनाचे पैसे जातील, तुमची सवयीची चार हत्यारं आणि आवडता कागद पुरे. गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी आई देईलच, ती घ्या, स्टुडिओतल्या लोकांना एकदा जेवायला बोलावलं की ओळखी पटापट होतात.

८. तिथे आणि परत आल्यावर

पहिले दोन आठवडे काम झालं नाही तर घाबरू नका, सगळ्यांचं असंच होतं, फिरा, वही भरा. आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी स्टुडिओत बोलवा, क्युरेटर असो की बाजूच्या बेकरीतला माणूस. ओपन स्टुडिओत आलेल्यांची नावं आणि ईमेल वहीत लिहून घ्या आणि आठवड्याभरात दोन ओळींचं आभाराचं ईमेल पाठवा.

खर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात टाका आणि त्याच संध्याकाळी फोटो काढून ठेवा, थर्मल कागदाच्या पावतीवरचं अक्षर काही महिन्यांत उडू शकतं. बहुतेक संस्था परतल्यावर रिपोर्ट मागतात, काय केलं, कोणाला भेटलात, पैसे कुठे गेले, सोबत कामाचे चांगले फोटो. तो वेळेत द्या. आणि फॅकल्टीत एक दुपार मागून घेऊन ज्युनियर्सना स्लाइड्स दाखवा, अर्जाचं प्रपोजलसुद्धा त्यांना वाचायला द्या, निवड न झालेले जुने अर्ज असतील तर तेही.