मेळघाटातील कोरकू वृद्धांचा अभ्यास : वयाची निश्चिती कशी करावी

आदिवासी समाजातील वार्धक्याचा अभ्यास करताना प्रश्नावलीतील इतर भागांकडे वळण्याआधी समोरच्या व्यक्तीचे वय काळजीपूर्वक ठरवावे, कारण स्मरणशक्ती, दृष्टी आणि हाताची पकड यांचे मोजमाप शेवटी वयाशीच ताडून पाहिले जाते. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील अनेक वृद्धांकडे जन्माचा दाखला नसतो. आधार कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख असेल, तर ती नोंदणीच्या वेळी अंदाजाने लिहिलेली असू शकते. नोंदींमध्ये ६०, ६५, ७० अशी ठोकळ, अंदाजाने सांगितलेली वाटणारी वयेच वारंवार दिसू लागली, तर त्या मुलाखती पुन्हा तपासाव्यात.

गावकऱ्यांशी बोलून त्यांना आठवणाऱ्या घटनांचे कॅलेंडर आधी तयार करावे. १९७२ चा दुष्काळ आणि १९७३-७४ मध्ये आलेला व्याघ्र प्रकल्प त्यात असावेतच. गावची शाळा, रस्ता आणि वीज कधी आली, हेही ग्रामपंचायतीकडून पडताळून घालावे. मग दुष्काळात खडी फोडायला गेला होता का, तेव्हा लग्न झाले होते का, पहिले मूल अंगावर पीत होते की चालू लागले होते, असे विचारत जावे. त्या वर्षी पहिले मूल तान्हे होते असे एखाद्या आजीने सांगितले आणि ते अठरा-वीस वर्षांच्या वयात झाले असे धरले, तर तिचा जन्म १९५२ ते १९५४ च्या सुमारास येतो. नोंद अशा पट्ट्यातच करावी. एकच वर्ष लिहिल्याने खोटी अचूकता येते. त्यानंतर वाडीतील कोण तिच्यापेक्षा मोठे आणि कोण धाकटे, हे विचारून पट्टा आणखी अरुंद करता येतो.

श्रावणबाळ योजनेसाठी ६५ वर्षांची अट असल्याने वयाची चौकशी म्हणजे निवृत्तिवेतनाची फेरतपासणी, अशी धास्ती वृद्धांना वाटते. ही माहिती कोणत्याही कार्यालयाला दिली जाणार नाही, हे संमती घेतानाच सांगावे आणि कसोशीने पाळावे. अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार हवा.

कोरकू ही मराठी-हिंदीहून वेगळ्या अशा मुंडा भाषाकुळातील भाषा असल्याने मराठी वा हिंदी प्रश्नांवर भागवू नये. दुभाषा कोरकूच असावा, पण घरातला नसावा, कारण मुलासमोर आई उपासमारीबद्दल क्वचितच बोलते. स्मरणशक्तीसाठी तारीख किंवा लेखी वाक्य विचारणाऱ्या चाचण्या निरक्षरांवर अन्याय करतात. हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण निरक्षर वृद्धांसाठी १९९० च्या दशकात तयार झालेली हिंदी चाचणी हा चांगला नमुना आहे, मात्र तीही कोरकूत आणून आधी तिथेच पारखावी.

भेटींसाठी होळीनंतरचे दिवस सोयीचे, कारण कामासाठी बाहेर गेलेली माणसे या सणाला परततात आणि वयाचा ताळा घ्यायला भावंडे गावातच सापडतात.