‘खाल्लंच आहे तर…’ या वाक्याचा बंदोबस्त

वजन कमी करायला निघालेल्या माणसाचं घोडं चालण्यात किंवा भाकरीच्या मापात फारसं अडत नाही. ते अडतं एका वाक्यापाशी : ‘आता खाल्लंच आहे, तर आजचा दिवस गेला. सोमवारपासून कडक!’ रविवारी सकाळी मिसळ झाली, म्हणून दुपारी पुरी-बासुंदी, म्हणून रात्री बाहेरच. मिसळीनं केलेलं नुकसान थोडं असतं, बाकीचं सगळं या वाक्याचं.

यावर ‘सकारात्मक राहा’ हा सल्ला सगळेच देतात, पण त्याचे दोन अर्थ होतात आणि त्यातला एक घातक आहे. डोळे मिटून स्वतःला जुन्या जीन्समध्ये बघणं, हा पहिला आणि घातक. ‘मला हे जमेल’ असा विश्वास, हा दुसरा. गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1991 मध्ये सहकाऱ्यासोबत वजन कमी करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मला हे जमेल’ असं ज्यांना वाटत होतं त्यांचं वजन जास्त उतरलं. नुसती गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचं मात्र कमी उतरलं. स्वप्नातच पोहोचलं की पाय उचलायची निकड राहत नाही. म्हणून ‘जमेल’ हा विश्वास हवाच, आणि आपण कुठे अडणार याचा हिशोबही आधीच हवा.

त्यासाठी एक कागद घ्या आणि फ्रिजच्या दारावर लावा. वरच्या ओळीत तीन महिन्यांचं उद्दिष्ट लिहा. आठवड्याला अर्धा किलो हा झेपणारा वेग आहे. सध्याच्या वजनाच्या 5 टक्के उतरले तरी साखर आणि रक्तदाबात फरक पडू लागतो. म्हणजे 80 किलोच्या माणसाला पहिला टप्पा 4 किलोचा पुरे. एकदम 20 किलो लिहू नका, तो आकडा रोज टोचतो. त्याखाली तुमच्या तीन खऱ्या अडचणी लिहा आणि प्रत्येकीपुढे ‘तर’ लावून उपाय लिहा. ‘प्रयत्न करीन’ असलं मोघम काही नको. जागा, वेळ, कृती ठरलेली हवी.

आपल्या नाशिकच्या अडचणी ठरलेल्याच आहेत. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली गेला की गोधडी सुटत नाही, तर कपडे-मोजे रात्रीच उशाशी ठेवायचे आणि पाचऐवजी सातला निघायचं. ऊन कोवळं असतं, काही बिघडत नाही. जुलैत कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चिखल झाला, तर बिल्डिंगचे तीन मजले दहा वेळा चढायचे. अंबड-सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट बदलली, तर घड्याळाची वेळ सोडून द्यायची आणि चालणं ‘उठल्यावर चहाच्या आधी’ असं चहाला बांधायचं. चहा कुठल्याही शिफ्टला चुकत नाही.

शिवाय एक किमान हप्ता ठरवा : दहा मिनिटं. तापाचा दिवस सोडला तर तो रोज भरायचाच. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालावं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथे महिन्याभरात पोहोचा. वाईट दिवशी मात्र हप्ताच पुरे. लंडनच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले होते. कुणाला 18, तर कुणाचा अंदाज थेट 254 पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्यानं विशेष बिघडलं नाही, हे त्यातलं सगळ्यात कामाचं. त्यामुळे ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असं कुणी म्हटलं आणि तेवढ्यात नाही जमलं, तर दोष तुमच्यात नाही.

आता काटा, कारण मन इथेच मोडतं. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. लिहून ठेवा, पण निकाल आठवड्याच्या सरासरीवरच लावा. समजा मंगळवारपासून आकडे आले 78.4, 78.1, 78.6, 77.9, 78.0, 77.8 आणि रविवारच्या मिसळीनंतर सोमवारी 79.1. सोमवारचा आकडा बघून माणूस हातपाय गाळतो. पण हे सव्वा किलो चरबीचं नाही. एक किलो चरबीमागे साधारण 7700 कॅलरी असतात. एका रात्रीत 1.3 किलो चरबी चढायला दहा हजार कॅलरी जास्तीच्या लागतील. तेवढी मिसळ कुणाच्या पोटात मावणार? ते मीठ आणि पावानं धरून ठेवलेलं पाणी आहे, दोन-तीन दिवसांत उतरतं. या आठवड्याची सरासरी 78.3, मागची 78.7 असेल, तर तुम्ही रस्त्यावरच आहात. दर दिवसाच्या आकड्यानं जीव कासावीस होणाऱ्यांनी आठवड्यातून एकदाच काट्यावर चढावं.

आणि मिसळ बंद करू नका. नाशकात राहून ते व्हायचं नाही, आणि बंदीनं हाव वाढते. तर्री वेगळ्या वाटीत मागवा, वरची फक्त दोन चमचे घ्या. मोडाची मटकी पोटभर, पाव दोन, फरसाण निम्मं, सोबत दही. जादा पावाची हाक यायच्या आधी ताटली पुढे सरकवा. मग ते वाक्य मनात उठेलच. त्याला उत्तर आधीच पाठ हवं : ‘मिसळ झाली, दुपारी नेहमीचं.’ दुपारी उपाशी राहून भरपाई करू नका, संध्याकाळी ती दामदुप्पट वसूल होते. उपवासाचंही तेच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ उगाच म्हणत नाहीत. तुपातली साबुदाणा खिचडी वजन उतरवत नाही.

‘आजारी होतीस का गं?’, ‘अगं, एकच घे’ असं म्हणणारी माणसं मनानं वाईट नसतात. ‘छान झालंय मावशी, डब्यात द्या, उद्या खाते’ एवढं पुरतं.

काही वेळा मात्र दोष मनाचा नसतोच. दोन-तीन महिने नीट करूनही काटा हलत नसेल तर थायरॉइड तपासा, चालू गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. मधुमेहाचं औषध चालू असेल तर खाणं कमी करण्याआधीच विचारा. चालताना छातीत दुखलं तर तिथंच थांबा. आणि आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, तर तो आळस समजू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

काट्याशिवाय दुसरं एक माप ठेवा. महिन्यातल्या एका ठरलेल्या रविवारी पांडवलेणी चढा. पायथ्याच्या पहिल्या पायरीवर घड्याळ लावा, लेण्यांपाशी बंद करा. किती मिनिटं लागली आणि कितीदा टेकलात, हे त्याच कागदावर लिहा. गुडघे कुरकुरत असतील तर उतरताना पायऱ्या तिरक्या घ्या, त्रास उतरतानाच होतो. वजन जागचं न हललेल्या महिन्यातही चार थांब्यांचे दोन झालेले असू शकतात. ते लाल पेनानं लिहा.